ताप आलाय हे सांगणं मुलांना परवडलं पाहिजे: कॉलेजं पुन्हा उघडणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
सर्व कॉलेजांचे प्राचार्य, संस्थांची व्यवस्थापन मंडळं आणि विद्यापीठांचे कुलगुरू यांस,

सप्रेम नमस्कार.

मी कॉलेजमध्ये केमिस्ट्री शिकवते. कोविडमुळे बंद पडलेली कॉलेजं बंदच ठेवा असं सांगायला हे पत्र लिहीत नाहीये हे आधीच स्पष्ट केलेलं बरं, कारण हल्ली सुरक्षिततेबद्दल कोणी तोंड उघडलं की लगेच "म्हणजे तुम्हाला उघडायचंच नाहीये का" असं विचारलं जातं. उघडायचंय. मनापासून उघडायचंय. ११ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला पॅन्डेमिक म्हटलं आणि पुढच्या काही आठवड्यांत जगभरातली दीडशे कोटींहून जास्त मुलं वर्गाबाहेर गेली, शाळा कॉलेज सगळी मिळून, युनेस्कोचा आकडा आहे हा. ऑनलाइनवर आम्ही जमेल ते केलं. टायट्रेशनचा, म्हणजे ब्युरेट नावाच्या नळीतून एक द्रावण दुसऱ्यात थेंब थेंब सोडायच्या प्रयोगाचा, व्हिडिओ दाखवता येतो, पण एंड पॉइंट, म्हणजे थांबायचा क्षण, जवळ आल्यावर नॉब किती आवळायचा, शेवटचा थेंब अर्धाच कसा सोडायचा हे ब्युरेट हातात धरल्याशिवाय कोणाला आलंय? आणि अभ्यासाहून मोठं नुकसान म्हणजे मुलं हळूहळू दिसेनाशी होत गेली, आधी कॅमेरा बंद, मग प्रश्नाला उत्तर नाही, मग एक दिवस लिस्टमध्ये नावच नाही, आणि काय झालं रे तुला हे विचारायला त्याला कॉरिडॉरमध्ये गाठता पण येत नाही.

शिवाय बंद म्हणजे सेफ हेही आपोआप खरं नसतं. २०२० मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाने उघडायच्या आधी लागण कशी पसरेल याचं गणिती मॉडेल करून पाहिलं तेव्हा त्यांना असं दिसलं की कॅम्पस बंद ठेवला तरी बरीच मुलं गावात खोल्या घेऊन राहायला येणारच आहेत, आणि मग त्यांची नियमित टेस्ट करा असं सांगायचा हक्क कोणाकडेच उरत नाही, म्हणून नीट टेस्टिंग करून उघडण्यापेक्षा ऑनलाइन ठेवण्यातच जास्त लागण होऊ शकते. सगळीकडे हाच हिशोब लागू पडेल असं मी म्हणत नाही. पण हिशोब मांडून पाहायचा असतो एवढं तरी त्यांच्याकडून घ्यावं.

आता मुद्द्यावर येते. उघडण्याची जी परिपत्रकं माझ्या वाचनात येतायत त्यात बहुतेक ठिकाणी सुरुवात गेटवरच्या थर्मल गनने होते, मग सॅनिटायझर, मग एका बाकावर एक, मग रोज फवारणी, आणि शेवटी विद्यार्थी आणि पालक दोघांच्या सह्यांचं हमीपत्र की आम्ही स्वतःच्या जबाबदारीवर येतोय. तेवढ्यावर संपतं. मला यातल्या कोणाच्या हेतूबद्दल शंका नाहीये, आजाराच्या सुरुवातीला सगळेच अंधारात होते आणि तेव्हा जे सुचलं ते सगळ्यांनी केलं. पण आता आपल्याला बरंच कळलंय आणि जे कळलंय ते परिपत्रकात उतरलेलं दिसत नाही, ही माझी तक्रार आहे.

थर्मल गनचंच घ्या. कोविडचा माणूस लक्षणं दिसायच्या साधारण दोन दिवस आधीपासून दुसऱ्याला लागण देऊ शकतो, आणि कित्येकांना लक्षणं येतच नाहीत. कोविडची साथ पसरलेल्या डायमंड प्रिन्सेस या प्रवासी जहाजावर ३,७११ लोक होते, त्यातले ७१२ पॉझिटिव्ह निघाले आणि टेस्ट केली त्या वेळी त्यातल्या जवळपास निम्म्यांना काहीच त्रास होत नव्हता. ती तर बऱ्यापैकी वयस्कर माणसं होती. कॉलेजची तरुण मुलं गेटवरून ३६ अंश सेल्सियस दाखवून आत येतील आणि तरी त्यांच्याकडून वर्गाला लागण होईल, यात त्या मुलाचा काही दोष नाही आणि गन धरून उभ्या असलेल्या शिपायाचाही नाही. ताप असलेल्याला घरी पाठवायला गन ठेवा हवं तर, पण गेटवर तपासलं म्हणजे आत सगळं ठीक आहे असं समजून आतलं काम सोडू नका. फवारणीचंही तसंच, एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, सांगितलं की दूषित पृष्ठभागाला हात लावल्याने लागण व्हायची शक्यता साधारणपणे दहा हजारात एकापेक्षाही कमी आहे. आणि माणसांवर औषध फवारणारे ते टनेल तर काढूनच टाका, जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्येच ते करू नका म्हणून सांगितलेलं आहे, त्याने डोळ्यांना आणि श्वासाला त्रास होतो आणि विषाणू तर आत शरीरात असतो. बाकं पुसायला आणि हात धुवायला माझा विरोध नाही, ते नेहमीच करावं. फक्त त्या फवारणीवर जो पैसा आणि जे मनुष्यबळ जातंय ते दुसरीकडे हवंय.

दुसरीकडे म्हणजे हवेकडे. इथे मी थोडी जास्त लिहिणार आहे, कारण हाच भाग सगळ्यात कमी समजून घेतला गेलाय आणि माझ्या विषयाच्या जवळचा पण आहे.

लॅबमध्ये एका कोपऱ्यात अमोनियाची बाटली उघडली की थोड्या वेळाने दुसऱ्या टोकाच्या मुलाला वास येतो, आणि तो मुलगा सहा फुटांवर होता की वीस फुटांवर याने फक्त किती वेळाने आला एवढाच फरक पडतो. आपण बोलताना, श्वास सोडताना जे बारीक कण बाहेर पडतात ते गॅस नसतात हे खरं, पण त्यातले सगळ्यात बारीक कण हवेसोबत तसेच फिरतात, खोली बंद असेल तर साठत जातात. मोठे थेंब जवळच खाली पडतात म्हणून सहा फुटांचा नियम आला. या बारीक कणांना तो नियम पुरत नाही. मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट काउंटीत एका गायनवृंदाची अडीच तासांची तालीम झाली, ६१ जण होते, त्यातल्या एकाला लक्षणं होती, आणि नंतर आणखी ५२ जण आजारी पडले, काहींची टेस्ट झाली काहींचं लक्षणांवरून धरलं, आणि दोघांचा मृत्यू झाला. आपल्या लेक्चर हॉलमध्ये पण हेच असतं की, बंद खोली, खूप माणसं, बराच वेळ, आणि एक जण मोठ्याने बोलतोय. चीनमधल्या ग्वांगझूच्या एका रेस्टॉरंटमध्ये जानेवारी २०२० ला तीन टेबलांवरच्या तीन कुटुंबांतल्या १० जणांना कोविड झाला, तिथे खिडकी नव्हती आणि एसी तीच ती हवा फिरवत होता. आपल्या कम्प्युटर लॅब आणि सेमिनार हॉलमध्ये जे स्प्लिट एसी आहेत ते बाहेरची हवा आत घेतच नाहीत, आतलीच थंड करून परत सोडतात. खोली गार वाटते म्हणून हवा ताजी आहे असं वाटतं, तसं नसतं.

हवा ताजी आहे की नाही हे कळायला एक साधं यंत्र पुरतं, कार्बन डायऑक्साइड मीटर. बाहेर मोकळ्यावर तो साधारण ४२० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग, असतो आणि आपण सोडतो त्या श्वासात साधारण ४०,००० पीपीएम. म्हणजे वर्गातलं मीटर ८०० दाखवत असेल तर, बाहेरचे ४२० वजा करून, आपण घेतोय त्या हवेचा साधारण शंभरावा भाग आधी कोणाच्या तरी फुप्फुसातून बाहेर आलेला आहे, आणि २,००० दाखवत असेल तर पंचविसावा. भरलेल्या, खिडक्या लावलेल्या वर्गात २,००० सहज होतं. माझी विनंती अशी आहे की उघडायची तारीख ठरवायच्या आधी एक माणूस मीटर घेऊन प्रत्येक वर्ग, रीडिंग रूम, ऑफिस, स्टाफ रूम, जिना, लिफ्ट सगळीकडे फिरवा, पण रिकाम्या खोलीत नाही, थोड्या माणसांना तासभर बसवून, आणि त्या आकड्यावरून ठरवा या खोलीत किती जण बसू शकतात. सध्या आपण बाकं मोजून ठरवतोय आणि सरसकट निम्मी मुलं म्हणतोय. एखाद्या दोन्ही बाजूंना मोठ्या खिडक्या असलेल्या जुन्या वर्गात निम्म्यापेक्षा जास्त चालतील आणि तळमजल्यावरच्या खिडकी नसलेल्या खोलीत पाच पण नकोत. ८०० च्या आसपास राहिलं तर चांगलं, १,००० च्या वर जायला लागलं की काहीतरी करा. दोन ठिकाणी मात्र या आकड्यावर जाऊ नका. आमच्या लॅबमध्ये बर्नर चालू असेल तर तो स्वतःच कार्बन डायऑक्साइड सोडतो म्हणून आकडा उगाच वाढलेला दिसतो, आणि खोलीत फिल्टरचं यंत्र चालू असेल तर हवेतले कण कमी होतात पण हा आकडा कमी होत नाही.

उपाय बरेचसे साधे आहेत. समोरासमोरच्या खिडक्या उघडायच्या, एकाच बाजूला खिडक्या असतील तर दारं उघडी ठेवून एका खिडकीत बाहेर हवा फेकणारा फॅन लावायचा. गंजून बंद पडलेल्या खिडक्या आणि रंग लावताना चिकटून बसलेल्या झडपा मोकळ्या करायला एक सुतार लावा, सॅनिटायझरच्या ऑर्डरच्या आधी. केमिस्ट्रीच्या लॅबमधले फ्यूम हूड (विषारी वाफा बाहेर ओढणारी कपाटं) आणि एक्झॉस्ट प्रयोग चालू नसले तरी चालू ठेवा, ते खोलीतली हवा बाहेरच ओढतात, आणि म्हणूनच एक गोष्ट मी आग्रहाने सांगते की ज्या लॅबमध्ये एक्झॉस्ट नीट चालतो त्या आधी उघडा, तिथे गर्दी कमी असते, हवा चांगली असते आणि तेच काम ऑनलाइन होत नाही. थिअरीचे मोठे क्लास अजून थोडे थांबू शकतात. जिथे खिडकी शक्यच नाही तिथे फिल्टर, महागडं यंत्र परवडत नसेल तर चार चौकोनी फिल्टर आणि एक बॉक्स फॅन (चौकोनी चौकटीतला पंखा) टेपने चिकटवून बनवलेला डबा पण काम करतो, अमेरिकेतले इंजिनिअर रिचर्ड कॉर्सी आणि फिल्टर कंपनीचे जिम रोझेंथाल यांनी २०२० मध्ये ही कल्पना मांडली आणि ठिकठिकाणी शाळा कॉलेजच्या मुलांनीच ते बनवलेत. इंजिनिअरिंगच्या मुलांना एका दुपारी जमेल. लेक्चर लहान करा, मध्ये खोली रिकामी ठेवा. आणि शिकवणाऱ्यांना कॉलर माइक द्या, ही फार छोटी गोष्ट वाटेल, पण मोठ्याने बोलताना कण जास्त बाहेर पडतात, आणि मास्क लावून मागच्या बाकापर्यंत आवाज पोचवायचा तर ओरडावं लागतं, मग शिक्षक वैतागून मास्क खाली घेतात. माइक असेल तर ते होणार नाही.

हवेवर मी एवढी अडून बसलेय याचं कारण असं की हवा कोणाच्या वागण्यावर अवलंबून नसते. खिडकी उघडी असेल तर ती नियम पाळणाऱ्या मुलासाठी पण उघडी असते आणि न पाळणाऱ्यासाठी पण. बाकी जवळजवळ प्रत्येक उपाय मुलांच्या खरं बोलण्यावर उभा आहे. टेस्ट, क्वारंटाइन, कोण कोणाला भेटलं हे शोधणं, बरं नसेल तर घरी थांबणं, सगळं. आणि मला सगळ्यात जास्त जे सांगायचंय ते इथेच आहे.

आपल्या कॉलेजमध्ये आत्ता, आजच्या नियमांनुसार, एखाद्या मुलीला सकाळी घसा दुखतोय आणि अंग गरम वाटतंय तर तिने खरं सांगितल्यावर तिचं काय होतं ते एकदा तिच्या बाजूने बघा. हजेरी जाते. त्या दिवशी प्रॅक्टिकल असेल तर ते बुडतं, आणि बुडलेलं प्रॅक्टिकल परत घ्यायला बॅच भरलेली असते, लॅब असिस्टंटला वेळ नसतो, मग जर्नलवर सही अडते. इंटर्नल टेस्ट असेल तर मार्क जातात. स्कॉलरशिप हजेरीवर असेल तर ती धोक्यात. हॉस्टेलवर असेल तर सामान उचलून कुठल्यातरी खोलीत एकटीने राहायचं. आणि तिच्यामुळे तिच्या खोलीतल्या, तिच्या बाकाजवळच्या, तिच्यासोबत डबा खाणाऱ्या सगळ्यांना पण हेच भोगावं लागणार, तेही परीक्षेच्या तोंडावर, आणि मग त्या तिच्याशी बोलणार नाहीत. एवढं सगळं एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला एक क्रोसिन. ती काय करेल? गोळी घेईल, गेटवर गन ३६ दाखवेल, आणि ती वर्गात येऊन बसेल. मी तिला बेजबाबदार म्हणू शकत नाही. खरं बोलण्याची किंमत आपण इतकी चढवून ठेवलीये की ती भरायची तिची ऐपत नाही.

म्हणून माझी मुख्य मागणी ही आहे की ती किंमत शून्यावर आणा. या काळात हजेरीची अट सरळ स्थगित करा, शिथिल वगैरे नको, कारण शिथिल म्हणजे अर्ज, आणि अर्ज म्हणजे ऑफिसबाहेर रांग. पहिल्या काही दिवसांच्या आजारपणाला डॉक्टरचं सर्टिफिकेट मागू नका, ताप आलेल्या मुलाला निव्वळ एका कागदासाठी दवाखान्याच्या गर्दीत पाठवणं हे पॅन्डेमिकमध्ये करण्यासारखं काम नाही. काही मुलं याचा फायदा घेऊन दांड्या मारतील, मारू देत, दांडी मारल्याने कोणाचं नुकसान झालं तर त्या मुलाचं स्वतःचंच होतं. बुडलेल्या प्रॅक्टिकलच्या बॅचेस टर्मच्या टाइमटेबलमध्ये पहिल्या दिवसापासून धरा, दर तीन आठवड्यांनी एक आठवडा नवीन प्रयोग नाही, फक्त राहिलेले. आम्हा शिक्षकांना त्रास पडेल, चालेल, आम्ही करू. प्रत्येक लेक्चरचं रेकॉर्डिंग नाही जमलं तरी नोट्स आणि फळ्याचे फोटो त्याच दिवशी वर्गाच्या ग्रुपवर जायला हवेत. टेस्टला पर्यायी तारीख आधीच जाहीर करून ठेवा.

आणि सांगायचं कोणाला हे पण ठरवा. शिस्त समितीच्या सरांना फोन करून मला ताप आहे असं कुठलीच मुलगी सांगणार नाही. एक वेगळा माणूस हवा, शक्यतो ज्याच्या हातात मार्क, हजेरी, शिक्षा यातलं काहीच नाही असा, आणि त्याच्याकडे गेलेली माहिती फक्त कोणी टेस्ट करायची आणि कोणी घरी थांबायचं हे कळवायला वापरली जाईल असं प्राचार्यांच्या सहीने लेखी द्या. मुलगा म्हणाला की काल रात्री आम्ही बारा जण एका खोलीत बर्थडे करत होतो, तर त्या बारा जणांना टेस्ट करा, नोटीस काढू नका. पहिल्यांदा नोटीस निघाली की त्यानंतर कोणीच बर्थडेला गेलेलं नसतं. नावं कुठेही बाहेर जाता कामा नयेत, नोटीस बोर्डावर नाही, स्टाफच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पण नाही.

यावर कोणी म्हणेल की मुलांवर एवढा विश्वास टाकायचा का. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाचं उदाहरण देते, कारण त्यात दोन्ही बाजू आहेत. अर्बाना-शॅम्पेनच्या कॅम्पसवर त्यांनी स्वतःची लाळेची टेस्ट तयार केली, ऑगस्ट २०२० पासून सगळ्यांची आठवड्यातून दोनदा टेस्ट, दिवसाला दहा हजारांच्या आसपास टेस्ट होत होत्या, लागण कशी पसरेल याचं त्यांचं मॉडेल इतकं बारीक होतं की मुलं पार्ट्या करणार हे पण त्यात धरलेलं होतं. तरी सुरुवातीला केसेस वाढल्या, कारण काही मुलं पॉझिटिव्ह आहोत हे माहीत असून पार्टीला गेली, आणि ते मॉडेलमध्ये नव्हतं. त्यांनी नियम कडक केले, पॉझिटिव्ह मुलांशी लगेच संपर्क साधायला सुरुवात केली, आणि केसेस खाली आल्या, कॅम्पस चालू राहिला. जो माहीत असून दुसऱ्याला धोक्यात घालतो त्याच्यावर कारवाई करा, माझी हरकत नाही. पण ती करताना जो येऊन सांगतो त्याला त्याच मापाने मोजू नका. आत्ता आपण नेमकं उलट करतोय, सांगणाऱ्यालाच सगळं भोगावं लागतं आणि लपवणारा सुटतो.

आणि ते हमीपत्र. माझी कळकळीची विनंती आहे, ते मागे घ्या. त्याने एकही लागण थांबत नाही. त्यावर सही करताना पालकांना एवढंच कळतं की काही झालं तर कॉलेज हात वर करणार आहे, आणि ज्याने आधीच हात वर केलेत त्याला आपल्या घरातला आजार कोण सांगायला जाईल? त्यापेक्षा कॉलेजने मुलांना हमी द्यावी. कुठल्या खोलीची हवा मोजलीये, आजारी पडलात तर अभ्यासाचं काय होईल, कोणाला फोन करायचा, ते एका पानावर लिहून खाली प्राचार्यांची सही.

हॉस्टेलबद्दल. हॉस्टेल सगळ्यात अवघड आहे हे मान्य, एका खोलीत तिघं चौघं, बाथरूम कॉमन, मेस एक. तरी दोन चुका टाळता येतील. एक म्हणजे मुलांना कोंडणं. नोव्हेंबर २०२० मध्ये इंग्लंडमधल्या मँचेस्टर विद्यापीठाने फॅलोफील्डच्या हॉस्टेलभोवती मुलांना न सांगता लोखंडी कुंपण उभं केलं, मुलांनी त्याच संध्याकाळी ते पाडलं आणि कुलगुरूंना माफी मागावी लागली. त्या मुलांना राग कुंपणापेक्षा न सांगण्याचा जास्त होता असं मला वाटतं. आयसोलेशनची खोली मुलं यायच्या आधी तयार असली पाहिजे, वेळेवर जेवण, चालू इंटरनेट, ऑक्सिमीटर, रात्री पण उचलला जाणारा फोन, आणि दिवसातून दोनदा कशी आहेस विचारणारं कोणीतरी. ती खोली शिक्षेसारखी असेल तर परत तेच होणार, कोणी सांगणार नाही. दुसरी चूक म्हणजे केसेस वाढल्या की हॉस्टेल एका रात्रीत रिकामं करणं. त्या मुलांसोबत आजार त्यांच्या घरी जातो, आईवडिलांकडे, आजीआजोबांकडे, आणि तिथे तो विशीतल्या मुलाला होतो तसा सौम्य होईलच असं नाही.

हॉस्टेलसाठी एक गोष्ट फार उपयोगी आहे जी आपल्याकडे कोणी करताना दिसत नाही, सांडपाण्याची तपासणी. विषाणूचे अंश विष्ठेतून जातात, म्हणून इमारतीच्या ड्रेनेजचं पाणी तपासलं तर आत कोणीतरी बाधित आहे हे लक्षणं यायच्या आधी कळू शकतं. अ‍ॅरिझोना विद्यापीठात ऑगस्ट २०२० मध्ये एका हॉस्टेलच्या पाण्यात विषाणू सापडला, त्यांनी तिथल्या सगळ्या ३११ जणांची टेस्ट केली आणि दोघं पॉझिटिव्ह निघाले, दोघांनाही काही लक्षणं नव्हती. म्हणजे कोणी न सांगता कळलं. मायक्रोबायोलॉजी डिपार्टमेंट आणि आरटी-पीसीआर मशीन असलेल्या विद्यापीठांनी हे करून बघायला काय हरकत आहे? रोज सगळ्यांची टेस्ट परवडत नाही हे मला माहीत आहे, ते कोणालाच परवडत नाही, पण हॉस्टेलवर येताना एक, मग काही दिवसांनी परत एक, आणि नंतर नमुने एकत्र करून पूल टेस्टिंग एवढं तरी शक्य आहे.

लसीबद्दल थोडक्यात, कारण त्यात वाद नसावा. कॉलेजच्या आवारातच लसीकरण ठेवा, लेक्चरच्या वेळात, आणि दुसऱ्या दिवशी अंग दुखलं तर सुट्टी. लस गंभीर आजारापासून वाचवते हे स्पष्ट दिसलंय, लागण पूर्ण थांबवत नाही हे पण दिसलंय, म्हणून लस झाली म्हणजे खिडक्या बंद करा असं होत नाही.

मुलांबद्दल एवढं लिहिलं, पण कॅम्पसवर सगळ्यात जास्त धोका मुलांना नाहीये. या आजारात वयाप्रमाणे धोका झपाट्याने वाढतो, आणि कॅम्पसवरची वयस्कर माणसं कोण तर सीनियर शिक्षक, लायब्ररीतले काका, लॅब असिस्टंट, मेसमधल्या मावशी, रात्रीचे वॉचमन. यातले बरेच जण कंत्राटावर आहेत, एक दिवस नाही आले तर त्या दिवसाचा पगार नाही. तासावर पैसे मिळणाऱ्या शिक्षकांचं पण तेच. मुलीला खरं बोलणं परवडत नाही म्हणाले ना, मावशींना तर त्याहून परवडत नाही, त्या मुलीचे मार्क जातात, यांच्या घरातली चूल अडते. आजारपणाची पगारी रजा कंत्राटदाराच्या करारात लिहून घ्या, त्याने नाही दिली तर कॉलेजने द्यावी. ज्याला परिपत्रकात सफाई कर्मचारी म्हटलंय आणि ज्याच्यावर सगळी फवारणी टाकलीये त्या माणसाला चांगला मास्क मिळालाय का, हे कृपा करून स्वतः जाऊन बघा.

आता बंद कधी करायचं. उघडतानाच हे ठरलेलं पाहिजे आणि सगळ्यांना माहीत पाहिजे. नॉर्थ कॅरोलायनाच्या चॅपल हिल विद्यापीठाने १० ऑगस्ट २०२० ला वर्ग सुरू केले आणि १७ ऑगस्टला पदवीचे सगळे वर्ग ऑनलाइन करत असल्याचं जाहीर केलं. एक आठवडा. मुलं सामान घेऊन आलेली, पैसे भरलेले, काही जण आजारी, काहींनी आजार सोबत नेला. आपल्याकडे असं व्हायचं नसेल तर किती केसेस झाल्यावर फक्त एक वर्ग थांबेल, किती झाल्यावर एक इमारत, आणि कशावरून पूर्ण कॅम्पस, ते आकडे आत्ता शांतपणे ठरवा, आणि दर आठवड्याला किती टेस्ट झाल्या, किती पॉझिटिव्ह आल्या ते वेबसाइटवर टाका. आकडे लपवले की अफवा पसरतात, आणि अफवा आकड्यापेक्षा नेहमी मोठीच असते. कॉलेजने स्वतःचे आकडे दाबले तर मुलांनी आपला ताप का सांगावा, याला माझ्याकडे उत्तर नसेल.

हे ठरवायला जी कमिटी बसेल तिच्यात आजवरच्या पद्धतीने फक्त विभागप्रमुख नकोत. हॉस्टेलवरचा एक मुलगा, एक मुलगी, रोज लांबून प्रवास करून येणारं एक जण, रेक्टर, एक लॅब असिस्टंट आणि एक सफाई कामगार हवेतच. चौथ्या मजल्यावरच्या कुठल्या खिडक्या उघडत नाहीत, संध्याकाळी रीडिंग रूममध्ये किती जण दाटीवाटीने बसतात, मेसची रांग कुठून कुठे जाते हे त्यांना माहीत असतं, आपल्याला नसतं.

खर्चाचं म्हणाल तर मीटर, सुतार, काही फॅन, कॉलर माइक, आयसोलेशनच्या थोड्या खोल्या, आणि आधीच भरलेल्या पगारातून मेक-अप प्रॅक्टिकल्स. हजेरीची अट स्थगित करायला तर एका सहीशिवाय काहीच लागत नाही. ती सही तारीख जाहीर व्हायच्या आधी झाली पाहिजे, नंतर नको, कारण मुलं पहिल्या दिवशीच बघतात की ताप आलेल्या पहिल्या मुलाचं काय झालं, आणि पुढचं सगळं सेमिस्टर ती त्यावरून वागतात.

आपल्या उत्तराची वाट बघते. ते मला एकटीला न पाठवता नोटीस बोर्डावर लावलंत तर जास्त बरं.

आपली,
केमिस्ट्रीची एक शिक्षिका